पट्टीखालचं वजन

डिजिटल पियानोच्या दुकानात कानावर पडणारं सगळ्यांत सुरेख वादन कुणीच वाजवत नसतं. पॅनेलवरचं एक बटण दाबलं की यंत्र आपलं आपण शोपँ वाजवू लागतं आणि समोरचं कुटुंब माना डोलवतं. मुंबईत धोबीतलावच्या एका दुकानात शनिवारी दुपारी हेच चाललं होतं. मुलुंडहून आलेले आई-वडील, नऊ-दहा वर्षांची मुलगी, आणि वडिलांच्या मोबाइलमध्ये रात्री जागून केलेली यादी: आवाज किती, ऱ्हिदम किती, ब्लूटूथ आहे का, ॲप आहे का. मुलगी आईच्या ओढणीआड उभी होती. तिनं अजून एकाही पट्टीला बोट लावलं नव्हतं.

विक्रेता मुरलेला होता. त्यानं डेमो थांबवला, घुमारा शून्यावर आणला, आवाज निम्म्यावर केला आणि मुलीला म्हणाला, "बेटा, तुला जे येतं ते वाजव. चुकलं तरी चालतंय."

"अहो, तिला अजून फारसं काही येत नाही," वडील म्हणाले.

"पण वाजवणार तीच ना, सर?"

मुलीनं पाच सुरांतली एक शाळकरी चाल दोन वाद्यांवर वाजवून पाहिली. पहिल्यावर बोटं भराभर पळाली. दुसऱ्यावर अडखळली. "हे जड आहे," ती म्हणाली. पहिलं चांगलं, असं वडिलांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. विक्रेत्यानं मात्र त्यांना दुसऱ्यासमोर बसवलं. पहिल्या वाद्याच्या पट्ट्यांखाली स्प्रिंग होती, दुसऱ्याच्या पट्ट्यांखाली वजन. पहिलं कीबोर्ड, दुसरं पियानो. दिसायला दोन्ही काळेपांढरे, किमतीत दुपटीहून अधिक अंतर.

घरासाठी डिजिटल पियानो घेणारी बहुतेक मंडळी या फरकापर्यंत पोचायच्या आतच यादीत अडकतात.

जेर महलच्या आसपास

धोबीतलाव हा भाग पाश्चात्त्य वाद्यांच्या खरेदीसाठी मुंबईकरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इथलं तळं कधीच बुजलं. त्याच्या काठावरची जेर महल ही जुनी इमारत उभी आहे. वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावागावांचे 'कुड', म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांची मुंबईतली उतरायची जागा, आणि खाली 1904 पासूनचं कयानी हे इराणी हॉटेल. फुर्ताडोज हे नाव 1865 पासून या शहरात वाद्यं आणि स्वरलिपीची पुस्तकं विकतं आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. तिथून आलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले. या वस्तीत वाद्यांची दुकानं का, याचं उत्तर त्या इतिहासात आहे.

त्या काळी पियानो म्हणजे लाकूड, लोखंड आणि तारा. आजही खरा पियानो तसाच असतो: सुमारे 230 तारा, त्यांचा एकत्रित ताण पेलणारी ओतीव लोखंडाची चौकट, आणि हा ताण साधारण 18 टनांच्या घरातला. भिंतीला लावून ठेवायचा उभा पियानोसुद्धा 200 किलोच्या वर भरतो. चौथ्या मजल्यावर, जुन्या चाळीच्या वळणाच्या जिन्यानं तो चढवायचा म्हणजे हमालांची टोळी लागते. चढवला तरी पुढे पावसाळा आहेच. दमटपणानं लाकूड फुगतं, नमदा ओला होतो, पट्ट्या अडकतात, समुद्राच्या हवेनं तारा गंजतात. वर्षातून किमान दोनदा ट्यूनर बोलवावा लागतो आणि तो मिळवणं हेही एक कामच असतं.

डिजिटल पियानोनं हे सगळं एका फटक्यात काढून टाकलं. लांबी साधारण 132 सेंटिमीटर, खोली 23 ते 30 सेंटिमीटर, वजन 11 ते 15 किलो. रिक्षात आडवा बसत नाही, पण लिफ्टमध्ये उभा जातो. सूर लावायची गरज कधीच नाही. वन-बीएचकेत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये तो मावतो. पियानो आज मुलुंड, कोथरूड, नाशिकच्या घरांत शिरतो आहे त्यात संगीताच्या ओढीइतकाच या सेंटिमीटर-किलोंचा हात आहे.

बोटाखाली काय चालतं

खऱ्या पियानोची पट्टी ही एक तरफ असते. पुढचं टोक दाबलं की मागचं उचललं जातं, मधली लाकडी यंत्रणा एका नमदा लावलेल्या हातोडीला तारेकडे भिरकावते, आणि तारेला लागायच्या क्षणभर आधी हातोडीला मोकळं सोडून देते. म्हणजे आवाज बोटानं नव्हे, सुटलेल्या हातोडीनं निघतो. ती किती वेगानं सुटली यावर आवाज मोठा की नाजूक ते ठरतं. 1700 च्या सुमाराला फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं बसवलेली ही युक्ती मुळात अजून तशीच चालते.

डिजिटल पियानोत तारा नाहीत, पण हातोडीच्या जागी वजन आहे. प्रत्येक पट्टीमागे एक छोटी वजनदार दांडी वर-खाली होते, म्हणून बोटाला प्रतिकार जाणवतो. चांगल्या वाद्यांत हे वजन डावीकडून उजवीकडे कमी कमी होत जातं, कारण खऱ्या पियानोतही खर्जाच्या हातोड्या मोठ्या आणि तारसप्तकातल्या लहान असतात. दुकानदार याला 'ग्रेडेड हॅमर ॲक्शन' म्हणतात. पाटीवर नुसतं 'वेटेड' लिहिलेलं असेल तर एक प्रश्न विचारायचा: हॅमर आहे का? 'सेमी-वेटेड' म्हणजे स्प्रिंग, थोडी ताठ केलेली. 'टच सेन्सिटिव्ह' म्हणजे जोरानं दाबलं तर मोठा आवाज एवढंच; त्यात वजनाची कसलीही हमी नाही. हे तिन्ही शब्द जाहिरातीत शेजारी शेजारी बसतात आणि पैसे घालवतात.

आता यंत्राला कसं कळतं की पट्टी जोरात दाबली? त्याला जोर कळतच नाही. पट्टीखाली रबराच्या घुमटीत कार्बनचे दोन स्पर्शबिंदू असतात. एक आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर. या दोन टेकण्यांमधला वेळ मोजला जातो. महामार्गावरच्या दोन टोलनाक्यांमधल्या वेळेवरून गाडीचा वेग काढावा तसंच हे. वेळ कमी म्हणजे वेग जास्त, म्हणून आवाज मोठा. मग यंत्र स्मृतीत साठवलेल्या, एखाद्या उत्तम मैफिली पियानोच्या ध्वनिमुद्रणातून त्या सुराचा त्या जोराचा तुकडा काढून वाजवतं. काही वाद्यांत तिसरा बिंदूही असतो. त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच पुन्हा दाबली तरी सूर उमटतो. एकच सूर भराभर वाजवायचा असेल तेव्हा हा फरक बोटांना समजतो; पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्याला बहुधा समजत नाही.

पत्रकात न सापडणारी आणखी एक गोष्ट आहे: तरफेची लांबी. वाद्य 25 सेंटिमीटर खोलीत बसवायचं तर पट्टीचा दिसणारा भाग तेवढाच राहतो, पण आतला न दिसणारा भाग आखूड होतो. मग पट्टीच्या पुढच्या टोकाला दाबताना हलकं लागतं आणि आत, काळ्या पट्ट्यांच्या बेचक्यात बोट घालून दाबताना चांगलंच जड. सुरुवातीला सगळं वादन पुढच्या टोकालाच होतं, म्हणून दुकानात हे लक्षात येत नाही. काळ्या पट्ट्यांचे तुकडे वाजवायला लागलं की अंगठा आत जातो आणि मनगट दुखू लागतं. तेव्हा दुकानातच एखादी पांढरी पट्टी टोकाला आणि मग अगदी आत, दोन्ही ठिकाणी हलकेच दाबून पाहावी. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

हामामात्सू आणि एक बिघडलेला ऑर्गन

घरगुती डिजिटल पियानोच्या बाजारात चार जपानी नावं पुन्हा पुन्हा भेटतात: यामाहा, कावाई, रोलँड, कॅसिओ. यांतली पहिली तीन हामामात्सू या एकाच शहराशी बांधलेली आहेत. 1887 मध्ये तिथल्या एका शाळेतला परदेशी रीड ऑर्गन बिघडला आणि तो दुरुस्त करायला तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराला बोलावलं. त्यानं तो उघडून पाहिला, दुरुस्त केला आणि असा आपणही बनवू शकू असं ठरवलं. त्याच्या हाताखाली शिकलेल्या कोइची कावाईनं 1927 मध्ये स्वतःचा कारखाना काढला. रोलँड 1972 मध्ये ओसाकात सुरू झाली, नंतर तीही हामामात्सूला आली. यामाहाच्या आरएक्स-100 मोटारसायकलवर ज्यांनी लहानपणी तीन काट्यांचं चिन्ह पाहिलं आहे, त्यांच्यासाठी एक जोडमाहिती: ते सूर जुळवायचे ट्यूनिंग फोर्क आहेत.

कॅसिओ मात्र कॅल्क्युलेटरवाल्यांची. 1980 मध्ये तिनं पहिला कॅसिओटोन आणला, आणि महाराष्ट्रातल्या गणेशोत्सवी ऑर्केस्ट्रांत कुठल्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणायची पद्धत पडली, ती अजून आहे. तिची प्रिविया ही हलक्या वजनाच्या डिजिटल पियानोंची मालिका 2003 ची. यामाहाची क्लाव्हिनोव्हा 1983 ची. त्याच वर्षी मिडी आलं, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना आणि संगणकांना एकमेकांशी बोलता येईल अशी सामायिक भाषा. या भाषेमुळेच आजही घरातला पियानो एका वायरनं लॅपटॉपला जोडला की लॅपटॉपमधल्या दुसऱ्याच पियानोचा आवाज त्या पट्ट्यांवर वाजवता येतो.

खरेदीचं गणित इथे बदलतं. आवाज पुढे बदलता येतो, बाहेरचे स्पीकर जोडता येतात, हेडफोन उत्तम घेता येतात. पट्ट्या मात्र जन्मभर त्याच राहतात.

महाग वाद्य, पट्ट्या त्याच

उदाहरणं घेऊ. रोलँडचा एफपी-10 आणि त्याचा मोठा भाऊ एफपी-30एक्स यांच्या किमतीत भारतात चांगलंच अंतर आहे. दोन्हींत पट्ट्यांची यंत्रणा एकच, पीएचए-4 स्टँडर्ड. फरक आहे तो स्पीकरचा (6 वॉटची जोडी विरुद्ध 11 वॉटची), एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांचा (96 विरुद्ध 256) आणि ब्लूटूथवरून गाणी ऐकण्याच्या सोयीचा. यामाहाच्या पी-145 आणि पी-225 या जोडीतही पट्ट्या एकाच जातीच्या. सुरांची मर्यादा 64 आणि 192, आणि महागात ब्लूटूथ. जास्त पैसे मोजताना बोटांखाली काही बदलत नाही हे विक्रेते लपवत नाहीत, पण कुणी विचारतही नाही.

मग 64 आणि 192 हे आकडे निरर्थक का? तसं नाही. माणसाला बोटं दहा, पण उजवं पेडल दाबून ठेवलं की आधी वाजवलेले सूर विरेपर्यंत रेंगाळत राहतात. त्यात स्टिरिओ आवाजाला एकेका सुरामागे दोन जागा लागू शकतात. 64 ची मर्यादा ओलांडली की यंत्र सगळ्यांत जुना सूर गुपचूप कापतं. पियानोच्या परीक्षांतल्या पाचव्या-सहाव्या ग्रेडच्या आधी हे कुणाला ऐकू येईल असं वाटत नाही. शोपँची मोठी नोक्टर्न पेडल भरून वाजवणाऱ्याला येईल. पहिली दोन-चार वर्षं घरात वाजणार असतील साधे तुकडे, तर 64 पुरे, आणि उरलेले पैसे दुसरीकडे लावणं शहाणपणाचं.

88 पट्ट्यांचंही तसंच थोडं खरं, थोडं मिरवण्यासाठी. पूर्ण पियानोत 52 पांढऱ्या आणि 36 काळ्या पट्ट्या. सगळ्यांत खालचा सूर 27.5 हर्ट्झ, सगळ्यांत वरचा 4186. मोत्सार्टच्या स्वतःच्या पियानोला पाचच सप्तकं होती आणि त्याचं काही अडलं नाही. पण आज घेताना प्रश्न सप्तकांचा कमी आणि बाजाराचा जास्त आहे: हॅमर ॲक्शन असलेली वाद्यं जवळजवळ सगळी 88 पट्ट्यांचीच येतात. 61 पट्ट्यांचं घ्यायला गेलं की बहुधा स्प्रिंग मिळते. म्हणून 88.

भारतात नामांकित कंपनीचा, 88 वेटेड पट्ट्यांचा डिजिटल पियानो साधारण 40 ते 50 हजारांपासून पुढे मिळतो. लाकडी कपाटासारख्या घडणीचे, तीन पेडलं अंगचीच असलेले लाखाच्या आसपास आणि वर. त्याहून वर गेलं की खऱ्या हातोड्या आणि डिजिटल आवाज यांचा संकर मिळतो, पण ती वेगळ्या खिशाची गोष्ट.

"मिस, घरी असं वाजत नाही"

वांद्र्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई रोज दुपारी तीनला पहिला विद्यार्थी घेतात. मुलं त्यांना 'मिस' म्हणतात. त्यांच्याकडे उभा पियानो आहे आणि त्याच्या शेजारी एक डिजिटल. दर आठवड्याला कुणीतरी येऊन हमखास तक्रार करतं: मिस, घरी नीट वाजतं, इथं आवाजच निघत नाही. "घरी स्प्रिंगवाला कीबोर्ड असतो," त्या सांगतात. "त्याला बोट नुसतं लागलं तरी पुरतं. इथे हाताचं वजन सोडावं लागतं. मूल सहा महिने घरी वेगळं शिकतं आणि माझ्याकडे वेगळं."

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या आणि एबीआरएसएम या परीक्षा मंडळाच्या ग्रेड परीक्षा महाराष्ट्रात आणि गोव्यात मोठ्या संख्येनं दिल्या जातात. त्यातल्या ध्वनिचित्रमुद्रण पाठवून द्यायच्या परीक्षांना डिजिटल पियानो चालतो, पण पट्ट्या पूर्ण आकाराच्या आणि वजनदार हव्यात, यंत्रणा खऱ्या पियानोशी जुळणारी हवी आणि सस्टेन पेडल हवं, अशी एबीआरएसएमची अपेक्षा आहे. म्हणजे परीक्षेचा विचार असेल तर निवडीचं निम्मं काम परीक्षा मंडळानंच करून ठेवलेलं आहे.

पेडलचा उल्लेख निघाला की या बाई पिशवीतून एक चपटं प्लास्टिकचं चौकोनी बटण काढून दाखवतात. बऱ्याच वाद्यांबरोबर खोक्यात हेच येतं. फरशीवर ठेवून दाबलं की ते पुढे सरकतं, मूल पायानं त्याचा पाठलाग करतं आणि अखेरीस खुर्चीच्या कडेवर लोंबकळतं. शिवाय ते एकतर चालू असतं नाहीतर बंद. खऱ्या पेडलला मधल्या अवस्था असतात. धातूचं, जड, अर्धवट दाबाला दाद देणारं पेडल वेगळं घ्यावं, मात्र ते त्या मॉडेलला चालतं का ते आधी विचारावं. एका कंपनीचं पेडल दुसऱ्याच्या वाद्याला लावलं तर कधी कधी उलटं चालतं: पाय उचलला की सूर रेंगाळतात, दाबला की थांबतात.

स्टँडचा विषय तर बहुतेक घरांत निघतच नाही. वाद्य जेवणाच्या टेबलावर ठेवतात. टेबल 75 सेंटिमीटर उंच, त्यावर वाद्याची जाडी 13. पट्ट्या पोचल्या छातीशी. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण 72-73 सेंटिमीटरवर असतात आणि बसल्यावर कोपर त्यांच्या पातळीत यावं अशी अपेक्षा असते. खांदे उचलून वाजवणारं मूल अर्ध्या तासात कंटाळतं आणि घरचे म्हणतात, त्याला आवड नाही. कैचीसारखा घडीचा स्टँड स्वस्त पडतो, पण जोरात वाजवलं की डुलतो आणि गुडघे त्याच्या दांड्यांना लागतात. त्या वाद्यासाठीच बनवलेला लाकडी स्टँड महाग वाटतो; घ्यावा. स्टूल उंची बदलता येणारं हवं, कारण घरात वाजवणारे दोन असतात, एक नऊ वर्षांचा आणि एक पंचेचाळीसची.

पेटी असलेली घरं

मराठी घरांत पियानो रिकाम्या जागी येत नाही. बऱ्याचदा माळ्यावर किंवा दिवाणाखाली पेटी असते. रीडच्या वाद्यांशी इथली ओळख जुनी आहे: संगीत नाटकांनी आधी पेटी आणि मग पायानं भाता मारायचा ऑर्गन रंगमंचासमोर आणून बसवला. 'मानापमान'ला 1911 मध्ये संगीत देणारे गोविंदराव टेंबे स्वतः पेटीचे नावाजलेले वादक होते. हामामात्सूच्या शाळेतला तो बिघडलेला ऑर्गनही याच कुळातला.

म्हणून पेटी येणाऱ्याला वाटतं, पियानो म्हणजे मोठी पेटी. पहिल्याच दिवशी भ्रम फिटतो. पेटीवर उजवा हात सूर वाजवतो आणि डावा भाता हलवतो. आवाजाचा चढउतार सगळा भात्यात. पियानोवर चढउतार बोटांत आणि डाव्या हाताला आयुष्यात प्रथमच वेगळी चाल वाजवायची असते. पेटीचा सूर भाता असेतो टिकतो, पियानोचा उमटल्या क्षणापासून विरत जातो. शिवाय पियानोला समान स्वरांतराचं गणित लागू आहे: त्याचा शुद्ध गंधार तानपुऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटनं चढा असतो, म्हणजे एका श्रुतीपेक्षा कमीच, पण तयार कानाला खुपेल एवढा. काही मॉडेलांत स्वरांतरं बदलता येतात. मींड मात्र पियानोच्या पट्ट्यांवर निघत नाही.

एक सोय पेटीवाल्यांना फार भावते, ती ट्रान्सपोजची. गाणारी व्यक्ती काळी दोनमध्ये गात असेल आणि वाजवणाऱ्याचा हात पांढरी एकवरच बसलेला असेल, तर तीन पायऱ्या वर सरकवलं की झालं. घरगुती भजनी मंडळात या एका बटणानं बरीच भांडणं मिटली असतील.

तरीही सांगायला हवं की दुकानात येणाऱ्या सगळ्यांना डिजिटल पियानो लागतोच असं नाही. ज्यांना भावगीतं आणि सिनेमातली गाणी केहरवा-दादऱ्याच्या साथीसह वाजवायची आहेत, सोसायटीच्या कोजागरीला गच्चीवर न्यायचं आहे, त्यांनी तालांचा भरणा असलेला 61 पट्ट्यांचा अरेंजर कीबोर्ड घ्यावा. तो स्वस्त पडतो, हलका असतो आणि त्या कामासाठी जास्त चांगला असतो. त्याला कमी लेखायचं कारण नाही. पियानो शिकायचा म्हणून तो घेऊ नये, एवढंच.

खालच्या मजल्यावरचे काका

हेडफोन लावले की शेजाऱ्यांना त्रास नाही, असं प्रत्येक पत्रक म्हणतं. अर्धं खरं आहे. ठाण्यातल्या एका सोसायटीत रात्री दहानंतर हेडफोन लावून वाजवणाऱ्या मुलाच्या घराची बेल खालच्या मजल्यावरच्या काकांनी वाजवली. त्यांना सूर ऐकू येत नव्हते. येत होती ती धपधप. पट्ट्यांखालची वजनं तळाशी आपटतात, तो धक्का स्टँडच्या पायांतून फरशीत आणि फरशीतून खालच्या छतात उतरतो. जाड रबराची चटई स्टँडखाली घातल्यावर बेल वाजायची थांबली. घेण्याआधी वाद्याचा आवाज पूर्ण बंद करून पट्ट्या दाबून पाहाव्यात; काही यंत्रणा फारच खडखडतात.

हेडफोन तारेचेच हवेत. ब्लूटूथच्या हेडफोनला आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो आणि पट्टी दाबल्यावर सूर मागून आला की वाजवणं अशक्य होतं. वाद्यावरचं ब्लूटूथ ऑडिओ हे फोनवरची गाणी वाद्याच्या स्पीकरमधून ऐकण्यासाठी असतं, बाहेर पाठवण्यासाठी नव्हे; या गैरसमजापोटी कित्येकजण महाग मॉडेल घेतात.

दुरुस्तीच्या टेबलावर

गिरगावातल्या एका खोलीत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या टेबलावर एक उघडा डिजिटल पियानो पालथा पडला होता. पट्ट्यांची ओळ बाजूला काढलेली, त्याखालच्या रबरी पट्ट्या स्पिरिटनं पुसायचं काम चाललेलं. "सूर उठतो नाहीतर पडतो," त्यांनी रोगाचं वर्णन केलं. म्हणजे एखादी पट्टी हलकेच दाबली तरी किंचाळते किंवा वाजतच नाही. कारण तेच दोन कार्बनचे बिंदू: धूळ, टाल्कम पावडर, सांडलेला चहा यांनी एक बिंदू आंधळा झाला की वेळेचं मोजमाप बिघडतं. मुंग्यांनी आत घर केलेली वाद्यंही त्यांच्याकडे येतात, आणि दुसऱ्याच कुठल्या यंत्राचा चार्जर खुपसून जाळलेलीही.

जुनं वाद्य घ्यायचं तर त्यांचा सल्ला सोपा आहे. डावीकडून उजवीकडे 88 पट्ट्या एकेक करून, अगदी हलक्या आणि एकसारख्या बोटानं दाबत जा. मध्येच कुठे आवाज उसळला किंवा गळाला तर तिथे काम निघणार. मग पेडल, मग दोन्ही स्पीकर, मग हेडफोनचं भोक हलवून पाहायचं. मूळ ॲडॉप्टर नसेल तर किंमत पाडून मागायची. मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील तर रबरी पट्ट्या मिळतील का, याची चौकशी आधी करायची. आणि समुद्राच्या तोंडावरच्या घरातलं वाद्य शक्यतो नको, ते म्हणाले. आतले स्क्रू गंजलेले निघतात.

नवं असो की जुनं, पावसाळ्यात खिडकीपासून दूर ठेवावं, वाजवून झालं की कापड टाकावं, विजा चमकताना प्लग काढावा. कोकणात, जिथे दिवे जातात ते तासन्‌तास, तिथे वेगळा विचार करता येतो: कॅसिओच्या काही मॉडेलांत सहा पेन्सिल सेल घालून वाजवायची सोय आहे.

हिशेब कसा मांडावा

60 हजारांची तयारी असेल तर सगळे वाद्यावर घालू नयेत. 45 च्या आसपासचं हॅमर ॲक्शनचं साधं मॉडेल, त्याचाच लाकडी स्टँड, जड पेडल, उंची बदलणारं स्टूल आणि तारेचे बरे हेडफोन, असा संच साठीत बसवता येतो आणि तो 60 हजारांच्या एकट्या, टेबलावर ठेवलेल्या वाद्यापेक्षा घरात जास्त वाजतो. ऑनलाइन थोडं स्वस्त मिळेल, पण ज्याचा स्पर्श पाहिलेला नाही ते मागवू नये. दुकानात वाजवून मग दोन्हीकडचे भाव विचारायला कुणाची ना नसते. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, ॲडॉप्टर वॉरंटीत आहे का ते विचारावं, आणि आपल्या गावात कंपनीचा दुरुस्तीवाला कुठे बसतो हेही. पुण्या-मुंबईबाहेर या शेवटच्या प्रश्नावरच कंपनी निवडली तरी चालेल.

आणि ज्यांच्या घरात शिकणारं लहान मूल आहे त्यांनी वाद्याच्या आधी शिक्षक ठरवावा. बहुतेक शिक्षक एकदा दुकानात सोबत यायला तयार असतात. पट्ट्यांचा निकाल त्यांच्या बोटांवर सोडावा. रंग काळा की पांढरा, तो घरच्यांनी ठरवावा.